एक किलो सहाशे

हात आधी चुलीशी शेकते मी.
पौषाची सकाळ. नाल्याशी स्कूटी ठेवून
पोडावर चढेस्तोवर
बोटं लोखंडाची होतात.
अशा बोटांनी नवं माणूस धरू नये.

काट्याची झोळी स्वेटरच्या आत
पोटाशी ऊबवत आणलेली.
कुंदानं काटा आढ्याला अडकवला.
सुई हलली, थरथरली, थांबली.
एक किलो सहाशे.
यवतमाळच्या काचेच्या पेटीतून बावीस दिवसांनी
सुटी मिळाली तेव्हा चाळीस ग्रॅम जास्त होते.
चाळीस ग्रॅम म्हणजे मूठभर तूरडाळही नाही.
कुंदा माझ्याकडं बघते. मी सुईकडं.

अनुसया भिंतीला टेकून बसलेली.
दवाखान्याच्या व्हरांड्यात बावीस रात्री काढल्या तिनं,
इथं पाच.
वाटीत दूध पिळते, चमच्यानं पाजते,
चमच्यातलं अर्धं
बाळाच्या हनुवटीवरून तिच्याच मनगटावर येतं.
"रात्री छातीशी बांधतेस ना?"
"बांधतो बाई. झोप लागते मंग.
पडन म्हणून सोडून ठेवतो खाली."
तिचा आवाज चोरी कबूल केल्यासारखा.
मी पावलं चाचपते. पोट कोमट, तळवे गार.
गार तळवे मला शब्दांआधी कळतात,
एकोणीस वर्षं झाली.

प्रशिक्षणात एका जनावराचं चित्र दाखवलं होतं,
पोटाला पिशवी असलेलं.
मी इथं ते नाव घेत नाही.
उपकेंद्राच्या पत्र्यावर रोज वांदरीण येते,
पोटाला पिल्लू, उडी मारते, पिल्लू सुटत नाही.
ती सगळ्यांनी पाहिलेली आहे.

तेवढ्यात पैकू आला,
पांढरकवड्याच्या जिनिंगमधली रात्रपाळी संपवून,
भुवयांवर, कानांत कापूस.
"अंघोळ कर. साबणानं. मग सदरा घालू नकोस."
"मी?"
"तू."
चुलीपाशी त्याची आई हसली,
"बाप्याले काय पान्हा फुटते?"
"पान्हा नको, आजी. ऊब पाहिजे."
"मले नायी जमत बाई," तो म्हणाला,
"माह्ये हात खरबडे हायेत."
"हात लागत नाहीत. छाती लागते."

दाराशी दोन शेजारी उभे.
पैकूनं त्यांच्याकडं पाठ केली, मग अंगणाकडं,
मग कुठंच पाठ करता येईना
तेव्हा बाजेवर टेकला.
टोपी, लंगोट, एवढ्यावर बाळ उभं ठेवलं,
मान एका बाजूला, नाक मोकळं,
पाय बेडकासारखे.
अनुसयाच्या जुन्या लुगड्याचा पट्टा वरून घट्ट.
तो श्वास घ्यायचं विसरला.
"श्वास घे," मी म्हटलं. "त्याला ऐकू येतो."

बराच वेळ कोणी बोललं नाही.
शेजारी कंटाळून गेले.
अनुसया आडवी झाली
आणि तशीच,
पांघरूण अर्धं ओढलेलं, तोंड उघडं,
झोपली.
सत्तावीस दिवसांची झोप होती ती,
घोरली सुद्धा.
सासूनं पांघरूण नीट केलं. काही म्हणाली नाही.

मी रजिस्टर उघडलं.
वजन. तापमान. स्तनपान. नाळ.
बाळाची काळजी घेणारी: आई, आजी, इतर.
'घेणारी' छापलेलंच आहे, मी काय करू.
'इतर'वर खूण केली, पुढं लिहिलं, बाप.
पेन चालत नव्हतं, दोनदा गिरवलं.

"बाई," पैकू हळूच म्हणाला, न हलता.
"मुतलं."
"पुसू का?"
त्यानं खाली बघितलं. बेंबीकडं ओघळ चालला होता.
"राहू द्या थोडं," तो म्हणाला.
"गरम हाये."

लंगोट बदलला, पट्टा पुन्हा बांधला.
परवा परत येईन, आणि सुई काय सांगेल
ते मला ठाऊक नाही.
उतरली तर पेटी, रुग्णवाहिका, व्हरांडा.
कुंदाला सांगून ठेवलं, रात्री चक्कर मार,
तो झोपला तर तिरपा झोपू दे, सपाट नको.

नाल्याशी आले.
हँडल दगडासारखं गार.
ते धरायला
हात शेकावे लागत नाहीत.